पुड्यावरचा ढ

आमच्या भागात माझ्या वयाच्या माणसाला बोलायला विषय कमी पडत नाहीत. वाघ आहे, कोळसा आहे, ऊन आहे. कुणी बसायला आलं की मी यातलं एखादं काढतो आणि बाईचा विषय येऊ देत नाही. अशी टाळाटाळ करत मी बरीच वर्षं काढली.

बाई म्हणजे माझी मोठी बहीण. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. यंदाच्या उन्हाळ्यात ती गेली. तेरवीला लोकांनी मला दोन शब्द बोलायला उभं केलं, कारण मी निवृत्त मराठी शिक्षक, आणि मराठी शिक्षक म्हणजे बारशापासून मयतापर्यंत बोलण्यासाठी गावाने ठेवलेली सोय. मी तिच्या जिद्दीवर बोललो. आंधळ्या माणसाबद्दल बोलायची वेळ आली की डोळस माणसाला जिद्दीशिवाय दुसरा शब्द सुचत नाही. बायकांनी डोळे पुसले. तिची बोटं कशी गेली, ते मी सांगितलं नाही. ते आता सांगतो.

बाईचे डोळे लहानपणीच गोवरात गेले. नागपूरच्या एका निवासी शाळेत ती ठिपक्यांची लिपी शिकली, पुढे तिथेच शिकवू लागली, आणि निवृत्त झाल्यावर चिमूरकडच्या आमच्या गावी माझ्या पुतण्याच्या घरी राहायला आली. मी वरोऱ्याला. तिची पुस्तकं टपालाने यायची. एकेक पुस्तक पाटाएवढं. दुपारी ओसरीवर गावातल्या बायका जमायच्या, कुणी शेंगा फोडायची, कुणी लसूण सोलायची, आणि बाई मांडीवर पुस्तक घेऊन वाचायची. उजव्या हाताचं बोट ओळीवरून पुढे जायचं, डावं पुढची ओळ शोधून ठेवायचं. संध्याकाळी लाईन गेली की साऱ्या घरात अंधार, आणि हिचं वाचन चालूच.

"बाई, तुमचं पुस्तक बॅटरीवर चालते का जी?" एकीने एकदा विचारलं.

"हो नं," बाई म्हणाली, "आनि चार्जर माह्या बोटात आहे."

एवढं सांगितलं म्हणजे तिच्या बोटांची किंमत कळेल. तुमचे डोळे तुम्हाला जेवढे, तेवढी तिला ती बोटं होती.

आता त्या पुड्याबद्दल.

वरोऱ्याला माझ्या हाताखालून गेलेला एक मुलगा पुढे कारखानदार झाला. वर्गात तो शेवटच्या बाकावर बसे आणि मी त्याला ढ म्हणत असे. त्या काळी शिक्षकांना तेवढी मुभा होती आणि मी ती पुरेपूर वापरली. त्याचा कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड. बाहेरून पिंपं यायची, आतून 'काळी मेहंदी' बाहेर पडायची. त्या शेडमध्ये मेहंदीचं पान मी कधी पाहिलं नाही. पिंपातली भुकटी म्हणजे केस काळे करायचा सरळसरळ रासायनिक डाय. पण डाय म्हटलं की बायका बिचकतात, मेहंदी म्हटलं की विश्वासाने हात पुढे करतात. एवढं ज्ञान शेवटच्या बाकावरच्या पोराला होतं, आणि पहिल्या बाकासमोर उभं राहणाऱ्या मला त्यात काही गैर वाटलं नाही.

त्याला पुड्यावर चांगलं मराठी हवं होतं. "सर, तुमच्यासारखं कोनीच लिहीत नाई," तो म्हणाला. एवढं पुरलं. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या निबंधांना लाल रेघा मारलेल्या माणसाला आपली ओळ छापून आलेली पाहण्याची किती हाव असते, ते शिक्षकाच्या घरी जन्मलेल्यांना विचारा. मी लिहिलं: 'रानातल्या पानांची माया, केसांवर काळी छाया.' खाली चार वाक्यं. त्यात आजी होती, पहाटेचं दंव होतं, आणि शेवटी 'निसर्ग कधीच अपाय करत नाही, हे आपण जाणताच.' 'हे आपण जाणताच' ही माझी वर्गातली सवय. मुलं मागे नक्कल करायची, बाई तोंडावर करायची. आणि निसर्ग अपाय करत नाही, हे मी चंद्रपूर जिल्ह्यात बसून लिहिलं. इथल्या जंगलात जागोजाग बिबा उभा आहे, त्याच्या झाडाखालून गेलं तरी कुणाकुणाचं तोंड सुजतं. याला आमच्याकडे 'उतणं' म्हणतात. बिबा याला उतला, तिला उतते. शाळेत न गेलेलं माणूससुद्धा पाहुण्याला झाडाकडे बोट दाखवून सांगतं, तिकडून जाऊ नका, उतते.

पुड्याच्या मागे इंग्रजीत एक सूचना होती, तीही मराठीत करायला त्याने माझ्याकडे दिली. मी साधी मराठी केली: 'काहींना हे उतू शकतं. आधी कानामागे थोडं लावा आणि दोन दिवस वाट पाहा. सोबतचे हातमोजे घाला.' माझ्या आयुष्यातलं पुड्यावर छापायच्या लायकीचं लेखन तेवढंच.

"उतू शकते?" तो वाचून हसला. "सर, मी बिबा विकून राह्यलो का?"

"अरे, पण इंग्रजीत तेच आहे."

"इंग्रजीत असू द्या नं. कायद्याचं काम झालं. उद्या जिच्या घरी लगन आहे तिले मी दोन दिवस थांब म्हनू? ते बाजूवाल्याचा पुडा घेईन. आनि जागा कुठी आहे? इथी पान येनार आहे, हिरवं."

पानासाठी जागा होती. सूचनेसाठी पुड्याची कड होती, चकचकीत चंदेरी, आणि त्यावर राखाडी अक्षरं, मुंगीच्या पायाएवढी. आपला माल पार भामरागडच्या बाजारापर्यंत जातो, असं तो अभिमानाने सांगायचा. म्हणजे जिथे बायका घरात माडिया बोलतात, मराठी निम्मी समजते, इंग्रजीचा संबंध नाही, आणि पावसाळ्यात पूल बुडाला की दवाखान्याचा रस्ताच तुटतो, तिथल्या बाईसाठी आम्ही दोघांनी चंदेरीवर राखाडी इंग्रजी ठेवली. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "बरं." माझी यमकाची ओळ ठळक छापताय ना, एवढं मात्र दोनदा विचारलं.

मोबदला म्हणून त्याने एक खोकं भरून पुडे दिले. त्या वर्षी भाऊबीजेला गेलो तेव्हा ओवाळणीच्या ताटात साडीवर त्यातले काही पुडे ठेवले. वयाप्रमाणे बाईचे केस पांढरे झाले होते आणि ती मधूनमधून मेहंदी लावायची, घरी वाटलेली.

तिने पुडा हातात घेऊन सगळ्या बाजूंनी चाचपला. गुळगुळीत. तेलाची बाटली असो, औषध असो, कुठल्याही कारखान्याने तिच्या हाताला कधी काही सांगितलं नव्हतं. शाम्पूच्या बाटलीला ती दोरा गुंडाळायची, औषधाच्या पाकिटाचा कोपरा कापून ठेवायची.

"वाच, मास्तर," ती म्हणाली. मी शिक्षक झाल्यापासून ती मला मास्तरच म्हणे.

मी वाचलं. आवाज लावून वाचलं, माया, छाया, आजी, दंव. मनात असं होतं की ती म्हणेल, वा, कोणी लिहिलं रे, आणि मग मी सांगेन. तिच्याएवढं वाचलेलं आमच्या घरात कुणी नव्हतं. तिच्या तोंडची शाबासकी मला लहानपणापासून हवी होती.

"बोलते गोड," ती म्हणाली. "सांगत काहीच नाई."

मला राग आला. सांगायचं होतं ते मी गिळलं.

"आनि हे उतत तर नाई नं? मले बिबा उतते, तुले माहीत आहे."

"बाई, हे मेहंदी आहे. बिबा थोडीच आहे."

"आता बाकीचं वाच."

"बाकी काही नाई. कंपनीचा पत्ता-गित्ता आहे, इंग्रजीत."

चष्मा पिशवीत होता. पण चष्म्यावर ढकलून मी सुटत नाही. मला ती सूचना तोंडपाठ होती. तिची मराठी मीच केली होती. 'उतते' हा शब्द मीच त्यात घातला होता आणि मीच तो गेलेला पाहिला होता. रुसलेल्या लेखकाने पुडा उलटा करायचा कंटाळा केला, एवढंच त्या दिवशी घडलं. खून करणाऱ्यांकडे निदान कारण तरी असतं.

मी वरोऱ्याला परतलो. दोन दिवसांनी बाईने पुडा फोडला. आत पातळ प्लॅस्टिकचे हातमोजे घडी करून ठेवलेले होते. तिच्या हाताला ते वेष्टणाचं प्लॅस्टिक लागलं, तिने केरात टाकलं. मेहंदी म्हणून तिने ती भुकटी वाटीत हाताने कालवली आणि बोटांनीच केसांच्या मुळाशी चोळून लावली, आई लावायची तशी.

पुतण्याचा फोन आला तेव्हा तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं होतं. मी पोचलो. कपाळ फुगून भुवया दिसेनाशा झाल्या होत्या, कानामागून पाणी वाहत होतं. पण मी हातांकडे पाहिलं. दोन्ही हातांच्या बोटांच्या टोकांवर फोड होते, काही फुटलेले.

डॉक्टर तरुण होता, पश्चिम महाराष्ट्रातून आलेला. त्याने पुडा मागितला, खिडकीपाशी नेला, डोळे बारीक केले, शेवटी मोबाईलने फोटो काढून बोटांनी मोठा करून वाचला.

"आजी, आधी कशाची ॲलर्जी होती?"

"बिबा उतते मले."

"बिबा म्हणजे?"

"बिबा माहीत नाई तुमाले?" अशा अवस्थेतही ती हसली. "कपड्यावर धोबी ज्याची खून करते, ते. राहा इथी वर्षभर, समजन."

"मग हे लावायच्या आधी कुणाला विचारलं नाही?"

"विचारलं नं जी. माह्या भावानं पुरा पुडा वाचून देल्ला."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. "सगळं वाचलं होतं?"

"अक्षर फार बारीक आहे," मी म्हणालो.

तो माझ्यावर रागावला नाही. त्याने माझं पिकलेलं डोकं पाहिलं आणि पुड्यावर रागावला. "कोण लिहितं हे? यांना लाज वाटत नाही?" मीही मान हलवली. लाज वाटायला हवी, असं म्हणालोसुद्धा.

सूज गेली, केस गेले ते पुन्हा आले. बोटांची मात्र कातडी सुटली, नवी आली, तीही भेगाळली, आणि शेवटी जी राहिली ती टाचेसारखी राठ. बाईने पुस्तक मांडीवर घेतलं. बोट ओळीवरून फिरवलं, परत फिरवलं. "सारं सपाट लागून राह्यलं," ती म्हणाली. बायका शेंगा घेऊन आल्या होत्या. त्या थोडा वेळ बसल्या, मग एकेक उठून गेल्या. पुढच्या दुपारी दोघीच आल्या, नंतर कुणी नाही. टपालाने आलेलं पुस्तक ओसरीवर तसंच पडून राहिलं.

तिची डाव्या हाताची करंगळी त्यातल्या त्यात वाचली होती, चोळताना ती बाहेर राहिली असावी. त्या करंगळीने तिने पहिलीतल्या पोरासारखी एकेक अक्षर लावायला सुरुवात केली. एका ओळीला चहा थंड व्हावा एवढा वेळ. तेवढ्यावर ओसरी परत भरत नाही.

तक्रार करायचं तिनेच ठरवलं. पुड्यावर फोन नंबर होता. पुतण्याच्या मोबाईलवरून तिने कारखान्यातल्या मुलीला सगळं सांगितलं. मुलगी म्हणाली, साहेबांना विचारून फोन करते.

त्याच संध्याकाळी मला कारखानदाराचा फोन. "सर, एक झंझट आहे. चिमूरकडची कोनी म्हातारी आहे, आंधळी आहे म्हनते, हात खराब झाले म्हनते. पोरीले फोनवर वाचायले काही तरी गोड लिहून द्या नं."

ती कोण आहे, हे मी त्याला सांगितलं नाही. लिहायला बसलो. 'झाल्या प्रकाराबद्दल आम्ही माफी मागतो' असं लिहिलं, त्याला वाचून दाखवलं.

"माफी नको, सर. वकील म्हनते माफी म्हनजे कबुली."

"मग दिलगीर लिहू?"

"त्यानं काही होते का?"

"काही होत नाही," मी म्हणालो. भाषेचा एवढा खरा धडा मी वर्गातही कधी दिला नव्हता.

पुढच्या रविवारी मी बाईकडे असतानाच तो फोन आला. पुतण्याने मोबाईल मोठ्या आवाजावर करून तिच्यासमोर ठेवला. मुलगी वाचू लागली: "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. प्रत्येकाच्या त्वचेची प्रकृती वेगळी असते, हे आपण जाणताच..."

"थांब, पोरी," बाई म्हणाली. "हे तू बोलून राह्यली का वाचून राह्यली?"

"वाचून राह्यली, आजी."

"कोनी लिहून देल्लं?"

"मले नाई माहीत, आजी. साहेबांनी पाठवलं."

"बरं. तुह्या काही दोष नाई. ठेव."

मोबाईल बंद झाला. बाईने तोंड माझ्याकडे वळवलं. "मास्तर, हे पोरगी तुह्यासारखीच बोलते रे."

"शाळेत मराठी शिकली असन," मी म्हणालो.

"असन," ती म्हणाली, आणि पाणी मागितलं.

त्यानंतर मी कारखानदाराकडे गेलो. बहिणीचं नाव तेव्हाही काढलं नाही. आंधळी माणसं असतात, म्हातारी असतात, उतणारी असतात, पुडा त्यांच्याही हातात जातो, असं समाजसुधारकाच्या थाटात बोललो. सूचना मोठ्या अक्षरात मराठीत टाक, आणि ठिपक्यांच्या लिपीत निदान 'डाय, उतू शकते' एवढं तरी उमटव. त्याचे डोळे चमकले.

"दिव्यांगांसाठी! सर, हे तर एकदम मार्केटमध्ये चालते."

काही महिन्यांनी नवा पुडा आला. समोर 'दिव्यांगस्नेही' असा सोनेरी गोल शिक्का. हिरवं पान होतंच, माझं यमकही होतं. पानाखाली उठावाचे ठिपके, एक सुंदर ओळ. मागची सूचना तशीच इंग्रजी, तशीच राखाडी, तशीच चंदेरीवर. ठिपके काय म्हणतात, ते मला वाचता येत नव्हतं. जन्मभर ज्या बहिणीच्या शेजारी बसलो तिची लिपी शिकायची मला गरज वाटली नव्हती. ठिपके आले म्हणजे काम झालं, असं धरून मी पुडा पिशवीत टाकला आणि गावी गेलो. बसमध्ये वाक्य जुळवून ठेवलं होतं. आधी पुडा तिच्या हातात द्यायचा, हे मी करून घेतलं म्हणायचं, आणि मग आधीचंही मीच लिहिलं होतं, ते सांगायचं. गुन्हा सांगतानाही मला आधी बक्षीस हवं होतं.

"बाई, पाहा तर. तुह्या लिपीत आहे."

तिचा चेहरा उजळला. त्या एका क्षणापुरता तरी मी चांगला भाऊ होतो. तिने करंगळी ठिपक्यांवर टेकवली, सरकवली, थांबली, मागे आणली.

"ढ," ती म्हणाली.

"काय?"

"ढ. पुढे ढ. पुढे आनखी ढ." करंगळी ओळीच्या शेवटापर्यंत गेली. "ढ, ढ, ढ, ढ. पुरी ओळ ढ आहे."

तिच्या लिपीत घरात सहा ठिपके असतात, आणि सहाच्या सहा उठवले की ढ होतो. पुड्याचं चित्र काढणाऱ्याला सहा भरलेले ठिपके शोभिवंत वाटले असावेत. त्याने तीच नक्षी ओळभर मांडली. कुणी वाचून पाहिलं नाही. वाचणारं कुणी असतं, हेच त्यांच्या गावी नव्हतं.

बाई हसायला लागली. खोकला येईपर्यंत हसली. पुतण्याची बायको चुलीपासून धावत आली. "काय झालं जी?"

"काही नाई वं. कंपनीनं सही केली. इतके दिवस मी विचारत होती, हे लिहिनारा कोन? आज त्यानं आपलं नाव लिहून पाठवलं."

मीही हसलो. तिच्यापेक्षा मोठ्याने हसलो.

हसणं ओसरल्यावर पुडा तिच्या मांडीवर होता आणि करंगळी अजून त्या ओळीवर. तोंड माझ्याकडे. वर्गात उत्तर येत असलेल्या पोराकडे शिक्षिका वळून थांबते, तशी ती थांबली.

"आनखी काही आहे का, मास्तर?"

"नाई, बाई."

"मग चहा घे. बस निघून जाईन."

मी चहा घेतला. बस मिळाली. त्यानंतर मी कितीदा तरी गेलो, क्रीम, गोळ्या, साबण, जे हातात दिलं ते चष्मा लावून, भिंग घेऊन, शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून दाखवलं. ती ऐकून घ्यायची. "आता सारं वाचते माह्या भाऊ," असं शेजारणींना सांगायची. तो पुडा तिने उशीपाशी ठेवला होता. उन्हाळ्यात ती गेली तेव्हाही तो तिथेच होता.

त्या कारखान्याची काळी मेहंदी आजही वरोऱ्याच्या बाजारात टांगलेली असते. दुकानासमोरून जाताना मला माझी ओळ दिसते आणि तिच्याखाली, ठिपक्यांत, माझं नाव. दिलगिरी मी कंपनीसाठी लिहिली, जिद्द मी तेरवीसाठी बोललो. तिच्यासाठी जे लागत होतं ते कुठे शोधायचंही नव्हतं, घरच्याच बोलीतलं होतं, लहानपणी तिची ठिपके टोचायची पाटी मोडली तेव्हा मी ते कुणी न शिकवता म्हणालो होतो.

चुकलं माह्यं, बाई.